घरातील मुंग्यांचे सुरक्षित व्यवस्थापन : फवारणीऐवजी सौम्य आमिषाचा मार्ग

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की जमिनीतील घरट्यांत पाणी शिरते आणि मुंग्या पांढरे ठिपके तोंडात धरून कोरड्या, उंच जागेकडे निघतात. लोक त्यांना अंडी समजतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेक अळ्या व कोष असतात. उन्हाळ्यात हीच वाटचाल पाण्याच्या शोधात होते. दोन्ही वेळी मुक्काम एकच असतो, तो म्हणजे आपले स्वयंपाकघर, देवघर, धान्याची खोली आणि माठाखालची ओल. मुंगी ही घरातील सर्वांत परिचित कीड असल्याने तिच्याकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. मात्र तिला घालवण्यासाठी ग्रामीण भागात जे वापरले जाते, ते गंभीरच असते.

शेतीसाठी आणलेल्या कीटकनाशकातील उरलेला भाग घरात असतो. मुंग्यांची रांग दिसली की त्यातील चिमूटभर भुकटी कोपऱ्यात टाकली जाते किंवा झाकणभर द्रव पाण्यात मिसळून शिंपडला जातो. या प्रथेत घरातील लहान मुलांना आणि अन्नधान्याला मोठा धोका आहे. शिवाय तिच्यामुळे मुंग्या कायमच्या जातही नाहीत. प्रस्तुत लेखात मुंग्यांच्या वसाहतीची रचना लक्षात घेऊन, अल्प प्रमाणातील बोरिक ॲसिडचे आमिष आणि स्वच्छतेची साधी शिस्त यांच्या आधारे मुंग्यांचे व्यवस्थापन कसे करावे, याची माहिती दिली आहे.

शेतातील कीटकनाशक घरात का नको?

शेतीच्या बोलीत कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हटले जाते. या शब्दामुळे त्या पदार्थाविषयीची भीती कमी होते आणि तो धान्याच्या कोठीशेजारी किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला जातो. त्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी घडलेल्या घटनेने दाखवून दिले. शाळेतील मध्यान्ह भोजनातून झालेल्या विषबाधेत २३ मुलांचा मृत्यू झाला. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतील कीटकनाशक आढळले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या हंगामात शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले. मोकळ्या शेतात जे रसायन प्रौढ माणसाच्या जिवावर उठते, ते बंद खोलीत, जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या सान्निध्यात वापरणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मुंग्यांसाठी पूर्वी घरोघरी वापरली जाणारी बीएचसी भुकटी, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली ‘गॅमेक्झिन पावडर’, भारतात १९९७ पासून बंद आहे. मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ च्या केंद्र शासनाच्या आदेशाने बंदी आली. त्याच आदेशानुसार फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ही दोन रसायने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. तरीही जुने डबे अनेक घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. धान्यातील किडींसाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मुंग्यांच्या बिळात टाकण्याचा प्रकार तर अत्यंत घातक आहे. ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू बाहेर पडतो आणि त्याच्या बाधेवर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. राहत्या घरात या गोळ्यांचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर ज्या पिकासाठी व ज्या किडीसाठी शिफारस छापलेली असते, तेवढ्यापुरताच त्याचा वापर करावा. घरातील मुंग्या हा शेतीच्या कीटकनाशकाचा विषय नाही, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगावी.

मुंग्यांची वसाहत कशी चालते?

नियंत्रणाचा मार्ग मुंग्यांच्या जीवनक्रमातूनच सापडतो. आपल्याला ओट्यावर किंवा भिंतीवर दिसतात त्या केवळ अन्न शोधणाऱ्या कामकरी मुंग्या असतात. वसाहतीचा फार मोठा भाग, म्हणजे राणी, अळ्या, कोष आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मुंग्या, घरट्यातच राहतो. घरटे भिंतीच्या भेगेत, फरशीखाली, विजेच्या स्विचबोर्डमागे, कुंडीच्या मातीत किंवा अंगणातील झाडाच्या बुंध्याशी असू शकते. दिसणाऱ्या शंभर मुंग्या मारल्या तरी राणी अंडी घालतच राहते आणि काही दिवसांत रांग पूर्ववत होते.

अन्न सापडलेली मुंगी परत जाताना जमिनीवर फेरोमोन नावाचे गंधद्रव्य सोडते. तिच्यामागून येणाऱ्या मुंग्या त्या वासाचा माग काढतात आणि जितक्या अधिक मुंग्या त्या वाटेने जातात तितका माग अधिक पक्का होतो. रांग तयार होण्याचे कारण हेच आहे.

तिसरी बाब नियंत्रणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. प्रौढ कामकरी मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. ती द्रवच पिते. हा द्रव ती पोटातील एका स्वतंत्र पिशवीत साठवते आणि घरट्यात गेल्यावर तोंडाला तोंड लावून इतर मुंग्यांना, अळ्यांना व राणीला पाजते. अनेक जातींत घन अन्नाचे तुकडे अळ्यांना भरवले जातात. अशा रीतीने एका मुंगीने प्यालेला थेंब अनेकींच्या पोटात पोहोचतो. राणीपर्यंत विष नेण्याचे काम कामकरी मुंग्यांकडूनच करवून घ्यायचे, हे आमिष पद्धतीचे तत्त्व आहे. त्यासाठी विष इतके सौम्य असावे लागते, की ते वाहून नेणारी मुंगी घरट्यात पोहोचून वाटप करेपर्यंत जिवंत राहील.

फवारणीत नेमके याच्या उलट घडते. मुंगी जागीच मरते आणि घरट्याला धक्काही लागत नाही. काही जातींत तर नुकसानच होते. फॅरो मुंगीच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याने वसाहत विस्कळीत झाली की राण्या काही कामकरी मुंग्यांना सोबत घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी नवी घरटी करतात. एका खोलीतील उपद्रव फवारणीनंतर चार खोल्यांत पसरल्याचा अनुभव येतो, तो यामुळेच.

घरात आढळणाऱ्या प्रमुख मुंग्या

भारतात मुंग्यांच्या ८०० हून अधिक जातींची नोंद आहे. त्यांपैकी घरात उपद्रव देणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. पुढील वर्णनावरून त्या ओळखता येतील.

१) फॅरो मुंगी (मोनोमोरियम फॅराओनिस) : सुमारे २ मि.मी. लांबीची, पिवळसर तांबूस. भिंतीतील पोकळी व उबदार जागा पसंत करते. गोड, तेलकट व प्रथिनयुक्त असे सर्व अन्न खाते. रुग्णालयांत रोगजंतू वाहून नेणारी म्हणून ती जगभर कुप्रसिद्ध आहे.

२) भूत मुंगी (टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम) : सुमारे १.५ मि.मी. लांबीची. डोके काळपट आणि पोट फिकट असल्याने जणू अर्धीच मुंगी दिसते. गोड पदार्थांकडे विशेष ओढा.

३) वेडी मुंगी (पॅराट्रेचिना लाँगिकॉर्निस) : काळपट, लांब पायांची व लांब मिशांची. सरळ रांगेऐवजी वेडीवाकडी, अतिशय वेगाने धावते.

४) लाल चावरी मुंगी (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) : तांबूस, मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्यांसह. अंगणात मातीचे सैल ढीग करते. दंश आगीसारखा झोंबतो. तेलकट व प्रथिनयुक्त अन्न तिला आवडते.

५) मुंगळा किंवा डोंगळा (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) : मोठा, काळा. घरटे बहुधा झाडाच्या बुंध्याशी जमिनीत असते आणि गूळ, फळे किंवा मिठाईच्या वासाने घरात येतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पंख असलेले कीटक घरात दिसल्यास ते मुंग्या आहेत की वाळवी, हे आधी तपासावे. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे असतात. वाळवीचे व्यवस्थापन पूर्णतः वेगळे असल्याने या लेखातील उपाय तिला लागू पडत नाहीत.

प्रचलित घरगुती उपायांचे मूल्यमापन

साबणाचे पाणी : एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळून त्याने फडके ओले करावे व रांग पुसावी. मुंग्या मरतात आणि गंधमागही पुसला जातो. पाहुण्यांसमोर आलेली रांग तत्काळ हटवण्यासाठी हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. घरट्यावर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

हळद, कापूर, लवंग, दालचिनी, लिंबाचा रस, व्हिनेगर : उग्र वासामुळे मुंग्या काही काळ वाट बदलतात. वास उडाला की त्या परत येतात. डबा किंवा फळी तात्पुरती सुरक्षित ठेवण्यास हे पदार्थ उपयोगी आहेत. वसाहत नष्ट करण्यास नाहीत.

राख व डायटमी माती : कोरडी, बारीक भुकटी मुंग्यांच्या चालण्यात अडथळा आणते. डायटमी मातीचे सूक्ष्म कण कीटकाच्या अंगावरील मेणाचा थर शोषून त्याला शुष्क करतात. दोन्ही पदार्थ ओले झाले की निरुपयोगी ठरतात. डायटमी माती वापरताना नाक-तोंडावर मास्क बांधावा.

पाण्याची वाटी : दुधाच्या कपाटाच्या किंवा मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीत शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, म्हणजे पृष्ठताण मोडून मुंग्या तरंगत पलीकडे जात नाहीत. मात्र अशा वाट्यांत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. म्हणून दर तीन दिवसांनी वाटी घासून पाणी बदलणे आवश्यक आहे.

कीटकनाशकयुक्त खडू : हा शाळेच्या खडूसारखा दिसतो, पण त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक असते. लहान मुले तो तोंडात घालू शकतात. शिवाय रेषेवर मेलेली मुंगी विष घरट्यात नेत नाही. मुले असलेल्या घरात हा खडू टाळावा.

रवा : रवा खाल्ल्याने मुंगीच्या पोटात तो फुगतो व ती मरते, या समजाला आधार नाही. प्रौढ मुंगी रव्याचा कण गिळतच नाही. ती तो घरट्यात अळ्यांसाठी नेते. म्हणजे या उपायाने वसाहतीचे पोषणच होते.

बोरिक ॲसिडचे आमिष

बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून शेतकऱ्यांना परिचित आहे. बोरिक ॲसिडमध्ये सुमारे १७ टक्के, तर बोरॅक्समध्ये सुमारे ११ टक्के बोरॉन असते. अल्प प्रमाणात साखरेच्या पाण्यात मिसळलेले बोरिक ॲसिड मुंग्यांना जाणवत नाही आणि पोटात गेल्यावर काही दिवसांत हळूहळू परिणाम करते.

साहित्य : उकळून गार केलेले पाणी अर्धा लिटर, साखर ५० ग्रॅम, बोरिक ॲसिड ५ ग्रॅम. बोरिक ॲसिड उपलब्ध नसल्यास त्याऐवजी बोरॅक्स ७ ते ८ ग्रॅम घ्यावा. वजनकाटा नसल्यास चहाचा एक सपाट चमचा बोरिक ॲसिड म्हणजे साधारणतः ४ ते ५ ग्रॅम धरावे.

कृती : स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात प्रथम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवावे व नंतर साखर घालावी. हे सुमारे एक टक्का तीव्रतेचे द्रावण होते. त्यात निळा खाद्यरंग घातल्यास ते साध्या साखरपाण्यापासून वेगळे ओळखता येते. बाटलीवर ‘विष – मुंग्यांसाठी’ असे ठळक अक्षरांत लिहून तारीख घालावी.

द्रावण जितके तीव्र तितका परिणाम अधिक, हा समज येथे चुकीचा आहे. अर्धा ते एक टक्का ही मर्यादा पाळावी. त्याहून अधिक बोरिक ॲसिड असल्यास मुंग्या आमिष टाळतात किंवा घरट्यात वाटप होण्याआधीच मरतात. मग राणी सुरक्षित राहते आणि सर्व श्रम वाया जातात.

आमिष पेटी : झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची लहान डबी घ्यावी. तळापासून थोड्या उंचीवर, काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी चार-पाच छिद्रे पाडावीत. आत कापसाचा बोळा ठेवून तो द्रावणात भिजवावा. कापसामुळे मुंग्या बुडत नाहीत व द्रावण सांडत नाही. झाकण चिकटपट्टीने बंद करावे. मुंगळ्यांसाठी छिद्रे थोडी मोठी ठेवावी लागतात. अशी डबी घराच्या आतच, मुलांच्या हाती न लागेल अशा जागी ठेवावी.

अन्नाची आवड तपासणे : सर्वच मुंग्या गोडावर येत नाहीत. आमिष तयार करण्यापूर्वी कागदाच्या तुकड्यावर थोडे गुळाचे पाणी, शेंगदाण्याचे वाटण आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा सुक्या मासळीचा कण वेगवेगळा ठेवून तो रांगेजवळ अर्धा ते एक तास राहू द्यावा. बहुसंख्य मुंग्या ज्यावर जमतील, तसे आमिष निवडावे. तेलकट अन्नाची निवड झाल्यास १०० ग्रॅम शेंगदाण्याच्या वाटणात १ ग्रॅम बोरिक ॲसिडची बारीक भुकटी एकजीव करून त्याचे हरभऱ्याएवढे गोळे डबीत ठेवावेत. हे आमिष द्रव आमिषाइतके हुकमी नसते, तरी लाल चावऱ्या मुंगीसाठी करून पाहण्यासारखे आहे.

वापरातील दक्षता

बोरिक ॲसिड शेतीच्या कीटकनाशकांच्या तुलनेत सौम्य असले तरी ते निर्धोक नाही. ते पोटात गेल्यास, विशेषतः तान्ह्या बाळांना, गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

• भुकटी मूळ वेष्टनात, कुलूपबंद ठेवावी. मीठ, साखर किंवा खाण्याच्या सोड्याच्या डब्यात ती कधीही भरू नये.
• आमिष हाताळताना हातमोजे वापरावेत व नंतर साबणाने हात धुवावेत.
• डबी स्वयंपाकाच्या ओट्यावर, ताटवाट्यांजवळ किंवा उघड्या अन्नाजवळ ठेवू नये.
• कुत्रा, मांजर व कोंबड्या पोहोचतील अशा जागा टाळाव्यात.
• उरलेले द्रावण कुंडीत किंवा परसबागेत ओतू नये. बोरॉनची पिकाची गरज अत्यल्प असते आणि जादा मात्रेने झाडे करपतात.
• जखमेवर किंवा त्वचेवर भुकटी लावू नये.
• कॅरमसाठी मिळणारी पांढरी भुकटी प्रत्येक वेळी बोरिक ॲसिडच असते असे नाही. वेष्टनावर नाव वाचूनच खरेदी करावी.
• कुणाच्या पोटात आमिष गेल्याचा संशय आल्यास उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, वेष्टन सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

तीन आठवड्यांचा कार्यक्रम

मुंग्यांच्या व्यवस्थापनात उपायांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक घरांत आधी भेगा बुजवल्या जातात किंवा रांग धुतली जाते आणि मग आमिष ठेवले जाते. अशा वेळी मुंग्यांना आमिषापर्यंत वाटच उरत नाही. त्यामुळे पुढील क्रम पाळावा.

पहिला दिवस : मुंग्यांना मिळणारे इतर अन्न बंद करावे. साखर, गूळ, फरसाण घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे. तेलाच्या व मधाच्या बाटल्यांचे तोंड पुसावे. खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत. गळका नळ दुरुस्त करावा आणि माठाखालची ओल पुसावी. रांग मात्र तशीच राहू द्यावी व ती कोठून निघते याचा माग काढावा.

दुसरा दिवस : अन्नाची आवड तपासून आमिष पेट्या रांगेला लागून, भिंतीच्या कडेने ठेवाव्यात. मोठ्या स्वयंपाकघरात दोन-तीन पेट्या लागतात.

तिसरा ते पाचवा दिवस : पेटीभोवती मुंग्यांची गर्दी वाढेल. हे अपयश नसून आमिष स्वीकारले गेल्याचे लक्षण आहे. या टप्प्यावर घरातील मंडळी घाबरून फवारा मारतात आणि पद्धत फसते. मुंग्यांना मुळीच मारू नये, पेटी हलवू नये, जवळपास उग्र वासाचा द्रव वापरू नये.

सहावा ते चौदावा दिवस : दर तीन-चार दिवसांनी कापूस बदलून ताजे द्रावण घालावे, कारण आंबलेले किंवा वाळलेले आमिष मुंग्या खात नाहीत. मुंग्यांची संख्या स्पष्टपणे घटू लागते.

पंधरावा ते एकविसावा दिवस : वर्दळ थांबल्यावर साबणाच्या पाण्याने सर्व मार्ग धुवावेत आणि त्यानंतर भेगा बुजवाव्यात. पक्क्या घरात पांढरे सिमेंट किंवा पुट्टी, तर मातीच्या घरात चुना मिसळलेल्या मातीचे लिंपण उपयुक्त ठरते. खिडकी-दाराच्या चौकटी, पाइप भिंतीत शिरतात ती छिद्रे आणि फरशीचे सांधे विसरू नयेत. वसाहत मोठी असल्यास किंवा अनेक राण्या असलेली जात असल्यास आणखी एक-दोन आठवडे आमिष चालू ठेवावे लागते.

धान्याची खोली, रेशीम संगोपनगृह आणि मधपेट्या

मुंग्या अखंड धान्य पोखरत नाहीत. धान्याच्या पोत्यांवर त्यांची गर्दी दिसली, तर त्या बहुधा फुटके दाणे, सांडलेले पीठ किंवा धान्यातील मेलेले किडे नेत असतात. म्हणून मुंग्या दिसताच पोते उघडून आत सोंडे किंवा इतर कीड आहे का, हे तपासावे. धान्य चांगले वाळवून, चाळून, लाकडी फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून साठवावे. धान्यात किंवा पोत्यांवर बोरिक ॲसिड कधीही टाकू नये.

कर्नाटक, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगालपासून मराठवाड्यापर्यंत रेशीम शेती करणाऱ्यांना मुंग्यांचा त्रास चांगलाच ठाऊक आहे. रेशीम अळी कोणत्याही कीटकनाशकाच्या अंशालाही बळी पडते. तेथे भुकटी किंवा फवारा यांना थारा नाही. मांडणीच्या प्रत्येक पायाखाली पाण्याने भरलेली मुंगीरोधक वाटी ठेवणे, मांडणी भिंतीला टेकू न देणे आणि तुतीची उरलेली पाने व मेलेल्या अळ्या रोज बाहेर नेऊन विल्हेवाट लावणे, हाच तेथील खात्रीचा उपाय आहे.

मधपेट्यांच्या स्टँडच्या पायांखालीही अशाच वाट्या ठेवाव्यात आणि पेटीला टेकणारे गवत व फांद्या कापाव्यात. साखरेचे आमिष मधमाश्यांनाही आकर्षित करते. त्यामुळे मधपेट्यांच्या परिसरात किंवा उघड्या अंगणात बोरिक ॲसिडचे द्रावण उघडे ठेवणे पूर्णतः वर्ज्य समजावे.

अंगणातील मुंग्या : कोणत्या घालवाव्यात, कोणत्या राखाव्यात?

घराला टेकलेल्या फांद्या व वेली म्हणजे मुंग्यांचे पूल होत. त्या छाटाव्यात. जास्वंद, सीताफळ, वांगी यांवरील मावा व पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव सोडतात. मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात या किडींचे शत्रूंपासून रक्षण करतात. अशा झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी केल्यास कीड आणि मुंग्या या दोहोंचा आधार एकाच वेळी तुटतो. मुलांच्या खेळण्याच्या जागेत लाल चावऱ्या मुंगीचे घरटे असल्यास सकाळच्या थंड वेळी त्यावर सावधपणे उकळते पाणी ओतता येते. एका खेपेत घरटे मरेलच असे नाही. त्यामुळे काही दिवसांनी ही कृती पुन्हा करावी लागते. झाडांच्या मुळांजवळ आणि घराच्या पायाशी हा उपाय करू नये. या मुंगीच्या दंशानंतर श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा चक्कर येणे, यांपैकी काही आढळल्यास रुग्णाला विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

उरलेल्या मुंग्यांशी मात्र वैर नसावे. त्या माती भुसभुशीत करतात, मेलेले कीटक नाहीसे करतात आणि अनेक किडींची अंडी व अळ्या खातात. पाने शिवून घरटे बांधणारी लाल विणकर मुंगी काजूवरील ढेकण्याला आळा घालते. चीनमध्ये संत्रावर्गीय बागांत कीड नियंत्रणासाठी तिचा वापर सुमारे १,७०० वर्षांपासून नोंदलेला आहे. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात याच मुंगीपासून बनणाऱ्या ‘काई’ चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंग्यांना साखर-पीठ घालण्याची श्रद्धा असलेल्या कुटुंबांना ती सोडण्यास सांगण्याचे कारण नाही. ते अन्न घराच्या पायापासून दूर, बांधावरील झाडाखाली घालावे, एवढी सूचना पुरेशी आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

या पद्धतीचा प्रसार भाषणापेक्षा प्रात्यक्षिकाने अधिक होतो. महिला बचत गटातील दोन घरे निवडावीत. एकात आमिष, दुसऱ्यात नेहमीची पद्धत चालू ठेवावी, मात्र त्या दुसऱ्या घरात शेतीचे कीटकनाशक वापरले जाणार नाही याची आधी खात्री करावी. दररोज ठरलेल्या वेळी, रांगेतील ठरावीक खुणेवरून एका मिनिटात किती मुंग्या जातात, हे वहीत नोंदवावे. घरातील शाळकरी मुलांना ही नोंद ठेवण्यास सांगता येते. तिसऱ्या दिवशी आकडा वाढलेला आणि तिसऱ्या आठवड्यात तो शून्याजवळ आलेला गटाने स्वतः पाहिला, म्हणजे धीर धरण्याचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

त्याच भेटीत घरातील कीटकनाशकांच्या साठ्याचीही पाहणी करावी. बंदी असलेली किंवा मुदत संपलेली रसायने वेगळी काढून, त्यांच्या विल्हेवाटीबाबत कृषी विभागाच्या तालुका कार्यालयाचा सल्ला घ्यावा. ती ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. वापरातील कीटकनाशके घराबाहेरच्या कुलूपबंद पेटीत ठेवण्याची सवय लावावी. मुंग्यांच्या निमित्ताने एका घरातील विषाचा डबा जरी स्वयंपाकघराबाहेर गेला, तरी त्या भेटीचे चीज झाले असे समजावे.

सारांश

मुंग्यांचा प्रश्न रांगेत नसून घरट्यात आहे. अन्न व ओल बंद करणे, रांग न मोडता एक टक्का बोरिक ॲसिडचे गोड आमिष बंद डबीतून देणे, दोन-तीन आठवडे वाट पाहणे, आणि त्यानंतरच मार्ग धुऊन भेगा बुजवणे, या क्रमाने घरातील उपद्रव आटोक्यात येतो. त्यासाठी पाच ग्रॅम भुकटी, पन्नास ग्रॅम साखर आणि थोडा धीर पुरतो. शेतातील कीटकनाशकाने मात्र घराचा उंबरठा कधीही ओलांडू नये.